फोनातली पोर

"आवाज कंपनीचा," हेल्पलाइन चालवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला.

"पैसा सरकारचा, तर आवाजही सरकारचा," सरकारी साहेबांनी टेबलावर बोट आपटलं.

शहापूरच्या त्या कचेरीत ज्या आवाजावरून जुंपली होती, तो भाविकाचा होता. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होती. कंत्राटावर लागली तेव्हा सरकारी सेवेच्या हेल्पलाइनला तिनंच आवाज दिला होता. दाखला असो की पेन्शन, नंबर फिरवला की भाविका बोलायची. नामंजुरीचा निरोप तर तिनं छापील मजकूर बाजूला सारून आपल्या पाड्याच्या बोलीत सांगितला होता: "अर्ज नामंजूर झाला हाय. वाईट वाटून घेऊ नका. कायतरी राहिलं असंल, तेवढं घेऊन परत या." अर्ज फेटाळला गेला तरी माणसं तिला आशीर्वाद देत.

आता कंपनीला तोच आवाज जाहिरातींसाठी विकायचा होता. यंत्रात घातला की तो वाट्टेल ते बोलणार होता. साहेब अडून बसले, ते फक्त मालकीसाठी. शेवटी तोडगा निघाला, अर्धा हक्क तुमचा, अर्धा आमचा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं दोघांनी तिसरीलाच वाटून घेतलं.

सहीचा कागद पुढं आला तेव्हा भाविकाला आपला पाडा आठवला. पाड्यावरची सकुबाई हा आवाज ऐकून उद्या काहीही विकत घेईल, पोरगी सांगतेय म्हणून. पण कंत्राटाची नोकरी म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिनं पेन उचललं.

तेवढ्यात दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. फडक्यात काकड्या बांधलेल्या.

"मी नथू, मुरबाडकडचा. फोनातली पोर हितंच बसते ना? तिच्यासाठी आणल्यात. माजा पेन्शनचा अर्ज माघारी फिरला तवा मी नादच सोडलेला. ती म्हनली परत या, म्हनून आलो. झालं काम!"

"बाबा, थांबा जरा बाहेर," कंपनीचा माणूस हसला. "ती पोर कुणाची, तेच ठरवतोय आम्ही."

नथूबाबाला वाटलं, सोयरीकच चाललीय.

"ठरवा की. पन आमच्यात पोर द्यायची तर पंच आदी पोरीला पुसतात. तिला इचारलं का रं कुनी?"

सकाळपासून पहिल्यांदा साहेबांनी भाविकाकडं पाहिलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"भाविका, तुला मान्य आहे का?"

भाविकाचे डोळे भरून आले. ना नात्याचा ना गोत्याचा, पण हा म्हातारा बापासारखा तिच्या बाजूनं उभा राहिला होता. तिनं पेन खाली ठेवलं आणि बिनसहीचा कागद कंपनीच्या माणसाकडं सरकवला.

"अर्ज नामंजूर झाला हाय, दादा."

नथूबाबानं आवाज ओळखला. तो लगबगीनं आत आला आणि काकड्यांचं गाठोडं त्यानं तिच्या मांडीवर ठेवलं.

"वाईट वाटून घेऊ नका," गाठोड्यावर हात ठेवून भाविका पुढं म्हणाली. "कायतरी राहिलं असंल, तेवढं घेऊन परत या."