लॅपटॉप उघडला त्या दुपारी

“स्क्रू ड्रायव्हर,” म्हणत सुनेने हात पुढे केला.

तळहातावर स्क्रू ड्रायव्हर टेकला. मूठ तिच्याकडे, टोक बाहेर. असा नेमका टेकला की बोटं आपोआप मिटली. तिने चमकून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचं लक्ष टेबलावर पालथ्या पडलेल्या लॅपटॉपवर होतं.

तयारी दोघींनी आपापल्या पद्धतीने केली होती. अंगातली वीज उतरावी म्हणून सून लोखंडी नळाला हात लावून आली. सासूबाई कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. सुनेला हसू फुटलं, पण मग तिनेही धुतले.

लॅपटॉप सुनेचा. ती घरांचे नकाशे काढायची. नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकासमोर लॅपटॉपने मान टाकली. पडद्यावरचं गोल चक्र बघून बघून गिऱ्हाईक कंटाळलं. “सोमवारी येतो, तेव्हा तरी दाखवा,” म्हणून उठलं. आज रविवार होता. नवा लॅपटॉप घेणं जमण्यासारखं नव्हतं. तिने नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, मागवली, जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं सकाळीच तिच्यावर उतरवून घेतलं. आता जुनी काढून नवी बसवायची, एवढंच उरलं होतं.

“दुकानात दे ना,” नवऱ्याची भुणभुण चालू होती. “वाट लागेल त्याची. माझेही फोटो आहेत त्यात.”

“नातेवाईकांनी बाहेर थांबायचं,” असं म्हणून सासूबाईंनी मुलाला खोलीबाहेर काढलं आणि दार लोटलं.

त्यांचा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये गेला होता. नर्स म्हणून. निवृत्त झाल्यावर त्या मुलाकडे राहायला आल्या, तेव्हापासून जो तो त्यांना एकच सांगायचा, तुम्ही आराम करा. आराम करून करून त्या मेटाकुटीला आल्या होत्या. सुनेने “जरा कोणी हाताखाली येतं का?” विचारलं, तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत त्या टेबलाशी हजर होत्या.

स्क्रू निघाले. निघतील तसे सासूबाईंनी ते रुमालावर ओळीने मांडले. मागचं झाकण सुटलं. आत हार्ड डिस्क दिसली, आणि तिला जोडलेली कागदासारखी पातळ पट्टी. पट्टीच्या टोकाला नखाएवढी खिट्टी. ती अलगद उचलायची होती. पट्टी फाटली तर लॅपटॉप गेलाच.

सुनेने चिमटा पुढे नेला. हात थरथरला. तिने मागे घेतला, पुसला, परत नेला. परत थरथरला.

“आई, माझ्याने नाही होणार.”

“पाणी पी. मग बघू.”

“पाण्याने काय होतंय? उद्या माणूस येणार, म्हणून हात कापतोय.” ती खुर्चीतून उठली. “तुम्ही करा.”

“मी?” सासूबाई एक पाऊल मागे सरल्या. “अगं, मी कुठे कधी केलंय? मी फक्त हातात देते.”

“हात बघा तुमचा.”

सासूबाईंनी पाहिला. लॅपटॉपच्या वर, हवेत, रिकामा हात. जराही हलत नव्हता. मग त्या खुर्ची ओढून बसल्या, चष्मा नाकावर घट्ट केला.

“चिमटा.”

सुनेने घाईने दिला. टोकाकडून.

“मूठ माझ्याकडे.”

“सॉरी, सॉरी.”

खिट्टी उचलली गेली. पट्टी सुटली, अख्खी. जुनी डिस्क बाहेर आली, नवी तिच्या जागी बसली, पट्टी पुन्हा जोडली गेली. सुनेने श्वास सोडला आणि झाकण उचललं.

“मोजल्याशिवाय बंद करायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या.

मोजले. एक स्क्रू कमी. दोघी टेबलाखाली शिरल्या, चादर झटकली, पायपुसणं उलटं केलं. शेवटी तो सापडला सुनेच्याच हातातल्या स्क्रू ड्रायव्हरच्या लोहचुंबकी टोकाला चिकटलेला. टेबलाखाली बसून दोघी इतक्या हसल्या की दारावर थाप पडली.

“हसताय काय? वाचेल ना तो?”

“थांब रे!” दोघी एकदम ओरडल्या.

झाकण बसलं. सुनेने बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. तिने सासूबाईंचं कोपर घट्ट धरलं. सासूबाईंनीही श्वास रोखला होता.

आणि पडदा उजळला. चक्राला गोल फिरायलासुद्धा फावलं नाही. सुनेने घाबरत घाबरत तो गिऱ्हाइकाचा नकाशा उघडला. घर झटक्यात उभं राहिलं. तिने ते फिरवलं, जिन्याने वर गेली, गच्चीवरून खाली पाहिलं, एका खिडकीतून आत शिरली. कुठे अडलं नाही, कुठे अडखळलं नाही.

“आई!” तिने सासूबाईंना मिठी मारून जागच्या जागी गरकन फिरवलं. चष्मा निसटला, तो सासूबाईंनी वरच्या वर झेलला.

दारावर पुन्हा थाप पडली. सांगायला म्हणून सून धावली आणि अर्ध्यातच थांबली. सासूबाई तिच्या पुढे होऊन दाराकडे निघाल्या होत्या. सावकाश, पाठ ताठ करून. नोकरीभर डॉक्टर असेच दाराकडे जायचे आणि त्या मागे थांबून हत्यारं आवरायच्या.

सून मागे वळली. टेबलावरचा चिमटा, स्क्रू ड्रायव्हर, रुमाल आवरू लागली.

सासूबाईंनी दार उघडलं. मुलगा समोरच उभा होता, घामाघूम.

“ऑपरेशन व्यवस्थित झालं,” त्या म्हणाल्या. आणि मग, हसू आवरेना तेव्हा, “मी केलं.”