कार्यमुक्त

"मुकादम सही करत नाही," मा शुन्ले दारातूनच म्हणाली आणि घडी घातलेला कागद तिने टेबलावर, थेट कादंबरीच्या पानांवर आणून ठेवला.

ऊ थॉझिन यांनी पेन खाली ठेवलं. वस्तीत त्यांना सगळे सया म्हणत; त्यांच्या देशात लेखक आणि मास्तर दोघांनाही तोच मान. पहाटेपासून कादंबरीची दीड ओळ झाली होती. सीमेवरची नदी ओलांडून परदेशात, मेसोतला, आल्यापासून त्यांचा हात लोकांचे अर्ज लिहिण्यातच जास्त झिजला होता. कादंबरीतल्या गावाचं नावही खोटं होतं. खरं लिहिलं की लष्कराचे शिपाई नदीपलीकडे राहिलेल्या भावाच्या दारात जात. एकदा गेले होते, तेवढं पुरे होतं.

कागद त्यांनीच काल लिहून दिला होता. 'को म्याट, राहणार क्युंजी, यास कामावरून मुक्त करण्यात येत आहे. त्याने आता आपल्या गावी जावे.' कामावर असताना माणूस गेला की वरच्याने त्याला लेखी सोडावं लागतं. नाहीतर त्याचा जीव तिथेच अडकतो, रोज हजेरीला उभा राहतो. तिचा नवरा को म्याट बांधकामावर परांचीवरून पडून गेला, त्याला सहा दिवस झाले होते. उद्या सातव्याचं भिक्खूंचं जेवण झालं की त्याने निघायला हवं होतं.

"काय म्हणाला मुकादम?"

"म्हणाला, सही केली तर तो आमच्याकडे होता असं होईल. वहीत त्याचं नावच नाही म्हणे. जो कामावर नव्हताच, त्याला सोडू कुठून?"

सयांच्या कपाळाची शीर उठली. पण परक्या मुलखात लपून राहणाऱ्या माणसाचा राग चार भिंतींच्या बाहेर जात नाही. त्यांनी कागद ओढून घेतला.

"मीच करतो त्याची सही. जन्मभर खोटी माणसंच उभी केली, त्यात आणखी एक मुकादम."

"नाही चालायचं. हजेरीच्या चिठ्ठीवर रोज बघायचा तो ती सही. लगेच ओळखेल. आधीच मेला संशयी." तिने बाहीने डोळे पुसले. "काल स्वप्नात आला होता. कामाच्या फाटकाशी उभा, हातात डबा. म्हटलं, चल. तर म्हणतो, अजून शिट्टी झाली नाही."

सयांनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "कामावर मुकादमाचं ऐकायचा. घरी कोणाचं?"

"घरी आणखी कोणाचं? माझंच. ओरडावं लागायचं, पण ऐकायचा."

"मग तूच सोड त्याला."

 मुकादमाला शिव्या घालत मा शुन्ले कामाच्या फाटकापासून एवढं अंतर चालत आली होती. पण सही होत नाही तोवर को म्याट अलीकडेच आहे, याचा तिला आतून आधारही वाटत होता. सयांना ते दिसलं आणि आपण बोललो ते चुकलंच, असं वाटून गेलं.

"मी सोडलं तर जाईल?"

"जाईल."

"उद्याच?"

"जेवणं झाली की."

ती कागदाकडे बघत राहिली. "क्युंजीला त्याची आई आहे," ती स्वतःचीच समजूत घालत म्हणाली. "म्हातारी वाट बघत असेल."

सयांनी सहीच्या जागेचं 'मुकादम' खोडून खाली 'पत्नी' लिहिलं. तिला सही येत होती, पण अंगठ्याशिवाय कागद पक्का होत नाही असं तिचं म्हणणं. सयांनी दौत पुढे केली. तिने अंगठा टेकवला, आणि उचलायचाच विसरली. तिच्या खांद्यांकडे बघायचं नाही म्हणून सया खिडकीबाहेर बघत बसले.

"फाटकाशी जाऊन मोठ्याने वाचते," अखेर ती म्हणाली. तिने कागद फुंकून वाळवला आणि उठली. तेवढ्यात सयांना उबळ आली. गेले दोन महिने हा खोकला शेजारच्या खोलीत तिला फळीच्या भिंतीतून ऐकू येत होता. उबळ थांबेपर्यंत ती दारातच उभी राहिली.

"सया, तुम्हाला कोण सोडणार?"

"मला कुठे साहेब आहे?"

"तेच म्हणते मी."

आतापर्यंत त्यांनी दहा-बारा जणांना असं कागदावरून घरी धाडलं होतं. आपला कागद कोण लिहील, हे कधी मनातही आलं नव्हतं. बायको पलीकडेच वारली. ती बातमीसुद्धा फोनवर आली. सयांना एकाएकी भीती वाटली, अगदी लहान पोराला वाटते तशी.

"कादंबरी संपल्याशिवाय मला रजा नाही," ते हसत म्हणाले.

मा शुन्ले हसली नाही. "माझं ऐकाल?"

"बघू."

"बघू नाही. टेबलावरचा तो चहा गार झालाय. आधी प्या."

सयांनी मुकाट्याने कप तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला. तो रिकामा झाल्याची तिने वाकून खात्री केली. मग गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढला, अंगठा पुन्हा दौतीत बुडवला आणि कागदाच्या तळाशी दाबला.

"वरचं तुम्ही लिहा. मला तसलं लिहिता येत नाही."

ती गेली. सयांनी कादंबरीची पानं बाजूला सारली, अंगठा वाळू दिला, आणि त्याच्या वर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपल्या गावाचं खरं नाव लिहिलं, तालुक्यासकट.