दुसरा तुकडा

मिनिकच्या पाचव्या वाढदिवसाला ग्रीनलंडमधल्या उम्मानाक बेटावरचं अख्खं गाव सकाळपासून कॉफीला येऊन जात होतं. टेबलावर सात केक होते. तिच्या आईच्या, पिपालुकच्या खिशात मात्र लेकीच्या तपासणीचा रिपोर्ट होता. शेवटी तिनं सासूला कोपऱ्यात गाठलं.

"आई, जनुकातला तो दोष पोरीत दोन्हीकडून आलाय. सीलची चरबी पचेल तिला, पण साखर रक्तातच साचत जाईल. मामंजींसारखी."

आजोबा गेल्यावर लगेच जन्मली म्हणून पोरीला त्यांचंच नाव दिलेलं. गावाच्या लेखी तेच परत आले होते. म्हातारी तर नातीला 'अहो' म्हणायची आणि नवऱ्याचे राहिलेले लाड पुरवायची. पाय कापल्यावरही त्यांना रोज केक भरवणारी बाई ती, आता काय ऐकणार?

मिनिकनं दुसऱ्या तुकड्याला हात घातला. म्हातारीनं बशी अलगद काढून घेतली आणि सुका मासा पुढे केला.

"रुसू नका, अहो," ती म्हणाली. "गेल्या खेपेला माझ्याच्यानं तुम्हाला नाही म्हणवलं नाही."