टेलस्टॉकच्या तळाचा तडा

लेथचा टेलस्टॉक खोलून उलटा केला, तेव्हा महादबांना तळाशी जुना तडा दिसला. कुणीतरी त्यात पुट्टी भरून वरून हिरवा रंग फासला होता. शाफ्टचं दुसरं टोक पेलणारा हा भाग त्यामुळे दर वेळी केसभर सरकायचा आणि शाफ्ट एकीकडे बारीक निघायचा.

चार वर्षांपूर्वी असेच शाफ्ट निघाले, तेव्हा "तुमची नजर गेली," म्हणत फोरमन चौगुलेंनी त्यांना घरी बसवलं होतं. महादबांनाही ते पटलं होतं. त्यानंतर आलेल्या एकाही कारागिराला जमलं नाही, म्हणून आता त्यांना बोलावणं आलं होतं.

महादबांनी तडा पितळेनं सांधला, तळ घासून सपाट केला आणि बाजूचे स्क्रू हळूहळू फिरवत सेंटर जुळवलं. शाफ्ट दोन्ही टोकांना सारखा उतरला.

"रंग कुणी दिला होता?" त्यांनी विचारलं.

चौगुले खाली बघत म्हणाले, "मीच. टेलस्टॉक माझ्याच हातून पडला होता. कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. उद्यापासून कामावर या, महादबा."

"माझी नजर गेली असं तुम्ही म्हणालात, तेव्हापासून घरात मला कुणी साधा बल्बसुद्धा बदलू देत नाही," महादबा म्हणाले आणि हात पुसून चालू लागले.