एकच जागा

बातमी बन्सीला सांगायची कोणी, एवढाच प्रश्न उरला होता. व्यंकटरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि शिपायाला हाक मारली.

"फकिरा, गाडेकर सरांना बोलाव."

"त्यांचा तास चालू हाय, सर."

"मग संपल्यावर."

तास संपेपर्यंत ते खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत बसले. कृषी अर्थशास्त्र विभागाचे ते प्रमुख. पत्नी यमुनाबाई गेल्यापासून त्यांना कशाचंच फारसं काही वाटेनासं झालं होतं. समोर आलेलं काम करायचं, खाणावळीचा डबा संपवायचा, घरी जायचं. ही बातमी मात्र त्यांना सांगवत नव्हती.

विभागात सहायक प्राध्यापकाची एकच कायम जागा निघाली होती, तीही कित्येक वर्षांनी. बन्सी गाडेकर इतकी वर्षं तासिकेवर शिकवत होता. जेवढे तास तेवढा पगार, उन्हाळ्यात तोही नाही. रोज फुलंब्रीहून एसटीनं यायचा. त्याच्या तासाला पोरं खिडकीशी उभी राहून ऐकायची. जागा बन्सीचीच, असं सगळा विभाग धरून चालला होता.

मुलाखतीत मात्र भलतंच घडलं. निवड समितीत स्वतः व्यंकटराव होते. बन्सीला सोपं जावं म्हणून त्यांनी मुद्दाम त्याच्या हातखंड्याचा प्रश्न टाकला. "एका वर्षी कांद्याला भाव आला, की पुढच्या वर्षी तो का पडतो?"

हे तो पहिल्या वर्षाच्या पोरांना झोपेतूनही समजावून सांगू शकला असता. बन्सी भिंतीकडे पाहत राहिला.

"आठवत नाही, सर."

बाहेरून आलेल्या सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. व्यंकटरावांनी आणखी सोपं विचारलं.

"नाही सांगता येणार, सर."

त्याच्यानंतर डॉ. गोदावरी तुपे आल्या. मूळच्या पैठणकडच्या, सोयगावच्या एका कॉलेजात त्याही तासिकेवरच होत्या. विचारलेलं सगळं त्यांनी शांतपणे, गावाकडची उदाहरणं देत सांगितलं. समितीनं त्यांचं नाव काढलं, तेव्हा व्यंकटरावांनी मान डोलावली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

बन्सी आत आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"तुपे मॅडमची ऑर्डर निघाली," व्यंकटराव म्हणाले.

"बरं झालं, सर."

"जागा भरली, म्हणजे आता तुझे तास..."

"माहीत आहे. चालू धडा तेवढा संपवून देतो. पोरांचं नुकसान नको."

त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. तो चिडला असता, टेबलावर हात आपटला असता, तर व्यंकटरावांना सोपं गेलं असतं.

सोमवारी मॅडम रुजू झाल्या. स्वागताच्या खुर्च्या बन्सीनंच मांडल्या, गुच्छही त्यानंच आणला.

"तू कशाला करतोस हे?" व्यंकटरावांनी विचारलं.

"कुणीतरी करायलाच पाहिजे ना, सर."

चहा आला. बिनसाखरेचा कप बन्सीनं मॅडमसमोर ठेवला, बाकीचे वाटले आणि मागं जाऊन भिंतीशी उभा राहिला. मॅडम थोडंच बोलल्या. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, पण बन्सीकडे एकदाही पाहिलं नाही. व्यंकटरावांना ते खटकलं. ज्याच्या पुढ्यातलं ताट आपल्याकडे आलं, त्याला निदान साधा नमस्कार तरी करावा.

मग बन्सीनं मॅडमना वर्गावर नेलं. पोरं धुसफुसत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी तर रडायलाच लागली.

"रडू नको," बन्सी म्हणाला. "मॅडम माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात."

"तुम्हाला काय माहीत, सर?"

मॅडम फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

शनिवारी त्याचा शेवटचा तास झाला. निरोप घ्यायलाही तो थांबला नाही. फकिरा व्यंकटरावांच्या दारात घुटमळला.

"सर, गाडेकर सरांचं लक्षण मला बरं दिसत नाय. माणसानं रडावं, भांडावं. हे लई गप झालेत."

ते बोलणं व्यंकटरावांच्या डोक्यातून जाईना. त्या गप्पपणात माणूस कुठवर जाऊन पोचतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी त्यांनी स्कूटर काढली. इतक्या वर्षांत बन्सीच्या घरी त्यांचं कधी जाणं झालं नव्हतं. हर्सूल मागं पडलं, चौक्याचा घाट लागला. वाटेत ते शब्द जुळवत होते. मीच कमी पडलो रे. आणखी दोन-चार कॉलेजांत शब्द टाकतो. तू मात्र जिवाचं काही बरंवाईट करून घेऊ नकोस.

घर गावाबाहेर मळ्यात होतं. अंगणात बन्सीची आई, आवडाबाई, आल्याच्या गड्ड्यांची माती झटकत बसली होती. व्यंकटरावांनी आपण कोण ते सांगितलं.

"बसा की साहेब," तिनं बाज पुढं ओढली. "बन्सी आतच हाय. बोलावते."

"थांबा जरा." व्यंकटरावांनी आवाज खाली आणला. "कसा आहे तो? जेवतो का? आजी, त्याला जपा. नोकरीचं त्यानं फार मनाला लावून घेतलंय."

आवडाबाईनं हातातला गड्डा खाली ठेवला. साहेब काय म्हणतात ते तिला उमजलं नसावं.

"उन्हातून आलात," ती म्हणाली आणि दाराकडं वळली. "अगं सूनबाई, पाव्हण्यांना पाणी आण."

आतून भांड्यांचा आवाज आला. पदर खोचलेली, मनगटापर्यंत पिठानं भरलेली बाई तांब्या-पेला घेऊन दारात आली आणि उंबऱ्यावरच थबकली. डॉ. गोदावरी तुपे.

मॅडमनी नजर खाली वळवली आणि आत हाक मारली,

"अहो, बाहेर या. सर आलेत."