पडद्यावरची वच्छला

पडद्यावर वच्छला पोहत होती.

"पाह्य चंदे, पाह्य! आपली वच्छी!" गुणाबाई उभीच राहिली. मागचे लोक ओरडले, "खाली बसा ना बाई!" सोळा वर्षांच्या चंदानं आईला हाताला धरून सतरंजीवर बसवलं.

आलापल्लीच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागला होता. बाहेर इंजिन धडधडत होतं. आत पाय ठेवायला जागा नव्हती, कारण सिनेमाचे नायक जयवंतकुमार स्वतः आले होते. ते पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. गळ्यात झेंडूचे हार, दोन्ही बाजूंना जंगलखात्याचे साहेब.

मागच्या वर्षी याच सिनेमासाठी त्यांची कंपनी चंदाच्या गावी, नदीवर आली होती. नायिकेला पोहता येत नव्हतं. गावातल्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या पोरी पाण्यातच वाढलेल्या. कंपनीनं त्यांच्यातली चंदाची बहीण वच्छला निवडली, तिला नायिकेसारखं पातळ नेसवलं आणि धारेत उतरवलं. गावातल्या कोणालाही त्या दिवशी नदीकडं फिरकू दिलं नाही. संध्याकाळी जयवंतकुमार गुणाबाईच्या अंगणात आले.

"तुमच्या मुलीला आम्ही मुंबईला पाठवलं, बाई. आजच मोटार गेली. मोठी नटी होईल ती."

बोलून त्यांनी गुणाबाईला वाकून नमस्कार केला. एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल, असं सारं गाव म्हणालं. एकटी चंदा म्हणाली, "मले न सांगता वच्छी जाईन काऊन?" पोलीस पाटलानं तिलाच दटावलं. तेव्हापासून गुणाबाई भेटेल त्याला वच्छलाच्या मुंबईबद्दल सांगत होती. तिला स्वतःला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पडद्यावर पाणी चढलं. नायिका वाहून चालली होती. तोंड पलीकडं होतं, पण हात मारायची ती ढब वच्छलाचीच. काठावरच्या खडकावर जयवंतकुमार धावत आले. त्यांनी दोरी फेकली. वच्छलानं ती पकडली. तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या.

दोरी ताणली गेली. खडकावर जयवंतकुमारांचा पाय सरकला. ते गुडघ्यावर आले, त्यांनी खाली पाण्याकडं पाहिलं आणि हात उघडले. दोरी सापासारखी पाण्यात गेली. वच्छला एकदा वर आली. तिनं काठाकडं तोंड केलं. मग नुसता हात दिसला, मग तोही नाही. पडद्याच्या कडेला टोपीवाला एक माणूस दोन्ही हात हलवत पाण्याकडं पळाला. तो सिनेमातला नव्हता.

लगेच चित्र बदललं. जयवंतकुमार नायिकेला उचलून काठावर येत होते. तिच्या कपाळावरची बट कोरडी होती.

तेवढा तुकडा कापायचा राहून गेला असेल. किंवा एवढं खरं पुन्हा मिळणार नाही म्हणून ठेवला असेल. लोक टाळ्या पिटत होते. गुणाबाईही पिटत होती. चंदाचे हात मात्र मांडीवर तसेच पडून राहिले.

मध्यंतराला दिवे लागले. जयवंतकुमारांभोवती गर्दी झाली. चंदा कोपरं मारत त्यांच्यापर्यंत पोचली.

"दोरी तुमी सोडली," ती म्हणाली.

त्यांनी तिला ओळखलं. चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही. ते खाली वाकले. लोकांना वाटलं, आशीर्वाद देताहेत.

"मग काय मीही मरायचं होतं?" ते तिच्या कानाशी म्हणाले. "ती बघ तुझी आई. वर्षभर आनंदात आहे. सांगायचंय तिला? जा, सांग."

चंदानं वळून पाहिलं. गुणाबाई गर्दीतून वाट काढत येत होती. तिचे डोळे भरून वाहत होते. ती थेट जयवंतकुमारांच्या पायांवर पडली.

"साहेब, पाण्यातलं तेवढं आणखी एक डाव दाखवा ना जी. साल झालं, पोरगी डोळ्यानं पाह्यली नाई."

जयवंतकुमारांचं हसू पहिल्यांदा गेलं.

"बाई, पुढचा भाग त्याहून छान आहे," ते म्हणाले.

"वन्स मोअर!" मागून कोणीतरी ओरडलं. मग सगळा तंबू ओरडायला लागला. लोक पाय आपटू लागले. शेजारचे साहेबही हसून म्हणाले, "दाखवा हो, माउलीची इच्छा आहे." जयवंतकुमारांनी एकवार गर्दीकडं पाहिलं. एवढ्या लोकांना त्यांनी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी हात उंच केला, यंत्रावरच्या माणसाला खूण केली, आणि टाळ्यांचा पाऊस पडला. मग त्यांनी साहेबांची खुर्ची मागून घेतली, गुणाबाईला स्वतःच्या शेजारी बसवलं आणि तिचा हात हातात धरला. लोक गहिवरले.

दिवे गेले. चंदा आईच्या पायाशी जमिनीवर बसली. पडद्यावर पुन्हा तेच पाणी आलं. गुणाबाई पुढं झुकली. तिच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड हलत होता. एवढी सुखी ती चंदाला कधीच दिसली नव्हती. आपण गप्प राहिलो तर ती अशीच सुखी राहील, मरेपर्यंत, हे चंदाला कळत होतं. वच्छला धारेत उतरली. जयवंतकुमार खडकावर धावत आले.

चंदानं आईचा गुडघा घट्ट धरला.

"माय, या डावाले वच्छीकडं नोको पाहू," ती म्हणाली. "याच्या हाताकडं पाह्य."