पश्चिमेची भिंत

इरफान उन्हावर वीज बनवणाऱ्या काळ्या सौररंगाचा डबा घेऊन आला, तेव्हा चंद्रपूरच्या त्या गल्लीत कुमुदताईंचंच घर रंगायचं राहिलं होतं. कुमुदताई पश्चिमेच्या भिंतीसमोर आडव्या उभ्या राहिल्या. त्यांच्या नवऱ्यानं, पाट्या रंगवणाऱ्या धोट्यांनी, गल्लीतल्या मुलांसाठी तिथे बाराखडी लिहिली होती.

"मावशी, तुमच्या भिंती बनवतील तेवढीच वीज तुम्हाला मिळणार. ही सोडली तर दुपारी कूलर चालणार नाही."

"नाही चालला तर नाही."

 इरफाननं बारीक ब्रश काढला आणि तीन दिवस अक्षरांमधली जागा तेवढी रंगवली.

त्या उन्हाळ्यात कूलर रोज तासभर कमी चालला. तेवढा वेळ कुमुदताई समोरच्या सावलीत बसून, काळ्या भिंतीवरची पांढरी अक्षरं वाचत.